थेंबांचा निकाल आणि ठोकळेवाल्या ताई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणी, त्यांच्या मांडीवरची आणि खुर्च्यांखालून पळणारी बाळगोपाळ मंडळी, आणि ज्यांच्यासाठी आज हा सगळा घाट घातलाय त्या आपल्या ठोकळेवाल्या ताई, सर्वांना माझा नमस्कार.

मी शिवणकाम करते. दिवसभर मशीन बोलतं, मी गप्प असते. त्यामुळे अध्यक्षांनी "दोन शब्द बोला" म्हटल्यावर मी आधी नाहीच म्हटलं. पण ताई निवृत्त होणार आणि मी गप्प बसणार? ते काही जमेना.

बऱ्याच जणांना ठाऊक आहे, काहींना आज कळेल. मला एचआयव्ही आहे. माझ्या मुलीला नाही. गरोदरपणात नेमाने गोळ्या घेतल्या, ती सुटली. पण आईला हा आजार असला की बाळ सुटलं तरी कधीकधी त्याच्या मेंदूची वाढ मागे पडते, असं माझ्या कानावर आलं आणि जिवाला घोर लागला. लेक जरा उशिरा हसली तरी वाटायचं, माझ्यामुळेच.

त्याच सुमारास इथे दवाखान्यात डॉक्टरांचा एक अभ्यास सुरू झाला. अशा बाळांना रोज जीवनसत्त्वांचे थेंब दिले तर मेंदूच्या वाढीला हातभार लागतो का, ते बघायचं होतं. निम्म्या बाळांना खरे थेंब, निम्म्यांना तशाच बाटलीतले साधे. कुणाला कुठले, ते ना आम्हाला ठाऊक, ना ताईंना. ताईंचं काम बाळांची परीक्षा घ्यायचं. ठोकळे, कप, घंटी, बाहुली. आणि नियम काय, तर बाळाला काही सुचवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, चेहरा अगदी कोरा!

आता आमच्या सासूबाई. पहिल्या रांगेत बसल्यात, बघा कशा डोळे वटारताहेत! बाहेर बसून त्यांना सुगावा लागला, की ठोकळा कपात टाकला की पोर पास. झालं, घरी शिकवणी सुरू. कप कुठला? त्यांचा चहाचा.

परीक्षेच्या दिवशी ताईंनी कप पुढे केला. लेकीने ठोकळा बाजूला सारला, दोन्ही हातांनी कप उचलला, त्यावर फुंकर मारली आणि थेट ताईंच्या तोंडाला लावला! ताई हसल्या असतील? छे! फक्त कान लाल झाले. खाली मान घालून लिहीत राहिल्या. मला मात्र रडू फुटलं. ठोकळा राहिलाच होता ना!

यथावकाश निकाल लागला. ताईंनी स्वतः आम्हाला बसवून सांगितलं, की दोन्ही बाटल्यांच्या बाळांमध्ये वाढीचा काही फरक दिसला नाही. सासूबाई उसळल्या, "म्हणजे इतके दिवस पोरीला पाणी पाजलं की काय?"

ताई म्हणाल्या, "आजी, पाजलं असेल, नसेलही. पण इथे या थेंबांनी काम झालं नाही, हे तरी कळलं. आता दुसरं काही शोधायला मोकळे झालो."

इतर ठिकाणच्या अशा अभ्यासांत काय निघालं, ते व्यासपीठावरचे डॉक्टर जाणोत. निकाल ऐकून मी मात्र जागची उठलेच नाही. सगळे गेल्यावर ताई माझ्याशेजारी येऊन बसल्या. "विचारा. कधीचं ओठांवर आलंय तुमच्या."

मी म्हटलं, "ताई, थेंबही गेले. माझ्या आजाराने तिचं डोकं बिघडलं असेल, तर मी काय करू?"

"बिघडलं? अहो, पाहुण्याला आधी द्यावं, तेही फुंकून, हे त्या वयात कुणाला सुचतं? माझ्या कागदावर त्याला रकानाच नव्हता! बाकी सगळं वयाप्रमाणे आहे. तुमचा आजार तिच्यात गेला नाही. हट्ट तेवढा गेलाय." आणि ताई खो खो हसल्या. मीही हसले, रडता रडता.

ताई, तुमचे उपकार कुठल्या शब्दांत सांगू? तोवर मला लेकीकडे बघितलं की माझा आजार दिसायचा. त्या दिवसापासून लेक दिसायला लागली.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. उसवलेलं कापड शिवता येतं, बोलून गेलेला शब्द नाही, तेव्हा काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि एक विनंती. माझा आजार ज्यांना आज कळला, त्यांनी उद्या रस्त्यात भेटल्यावर ओळख दाखवा. माझं बोट धरून लेक असते, आणि तिला सगळं कळतं.