चपलेची करकर आणि फुकटचं तेल

रेडिओवरच्या जाहिराती ऐकून एकदा मलाबी चळ लागलेला, ऐका. आमच्या चपलांच्या दुकानात पाटी लावली: ‘वहीत मत लिहा, चपलेला लावायच्या तेलाची बाटली फुकट!’

पयला आला दादू पैलवान. त्यानं लिहिलं, ‘चप्पल अशी करकरती, की मी गल्लीत शिरलो की घरात चहाचं आधण चढतंय.’ बाटली घेऊन गेला.

चार दिवसांनी परत हजर. "वही काढा. मत खोडायचं हाय."

"का ओ, पैलवान?"

"तुमचं तेल लावलं आन् करकर बंद! पार दारात पोचलो तरी बायकोला पत्ता न्हाय. शेजारणीला माझ्याबद्दल मत सांगत हुती."

"आवं, बायका बोलायचं म्हणून बोलत्यात. मनावर कशाला घेताय?"

"मग, घेऊ नगं व्हय? तिला कुणी बाटली दिली न्हवती. म्हंजे खरंच आसणार की!"