कोमट पाणी

(मेढ्याजवळचं घर, १९९६चा डिसेंबर. मनुबाई नाचणी पाखडते आहे. पुण्याहून आलेली तिची मुलगी संयोगिता शेजारी बसली आहे.)

मनुबाई : सांगलीला? कवा गेलतीस?

संयोगिता : मागल्या महिन्यात. वरदकडं. दादाच्या जहाजावरचा.

मनुबाई : त्यो वाचलेला? मला का न्हाई सांगितलंस?

संयोगिता : तू आस लावून बसली असतीस, आये. त्यानं नवीन काहीच सांगितलं नाही. जहाजात पाणी शिरलं, दादा पंप बघायला खाली उतरला. वरद वर होता, म्हणून होडीत चढला.

मनुबाई : ह्ये तर कंपनीच्या पत्रात बी हुतं. मंग कशापायी गेलीस?

संयोगिता : जागेसाठी. पत्रात नुसतं ‘अरबी समुद्र’ लिहिलेलं. वरदच्या वहीत जहाजाची नेमकी जागा होती.

मनुबाई : जागा घिऊन काय करनार? तितं काय दगुड हाय, फुलं व्हायाला?

संयोगिता : माझं काम तेच ना गं. समुद्र तापतो, वाफ होते, वाफेबरोबर उष्णता वर चढते. वारा ती कुठवर नेतो, किती नेतो, ते उपग्रहाच्या आकड्यांवरून मी मांडते.

मनुबाई : कुटवर न्हेतो?

संयोगिता : पावसाळ्यात इकडंच. पार आपल्या डोंगरांवर.

मनुबाई : तितली ऊब? हितं?

संयोगिता : व्हय.

मनुबाई : संयू, खरं सांग. त्या उपग्रहात आपला जया दिसला का तुला?

संयोगिता : नाही गं. उपग्रहाच्या एका ठिपक्यात अख्खी जावळी मावेल. माणूस नाही दिसत. जहाजसुद्धा नाही.

मनुबाई : पर तू बगितलंस.

संयोगिता : बघितलं. त्या दिवसाचा नकाशा काढला. दादाच्या जहाजाच्या ठिपक्यात आकडाच नाही. फार जोराचा पाऊस असला, की यंत्राला मोजता येत नाही. भोवती सगळे आकडे, मधे कोरं.

मनुबाई : लय पाऊस हुता म्हन की.

संयोगिता : लय. शेजारच्या ठिपक्यांवरून कोरी जागा भरायची रीत आहे. आमचे सर तीनदा म्हणाले. माझा हातच चालत नाही.

मनुबाई : आन् पानी? पानी लय गार आसंल?

संयोगिता : गार? नाही.

मनुबाई : मला बरं वाटावं म्हनून बोलू नगं.

संयोगिता : नाही, आये. आदल्या आठवड्यात आभाळ मोकळं होतं, तेव्हाचं माप आहे. वादळानं थोडं उतरलं असेल. तरी कोमटच. चैतातल्या दुपारी वेण्णेचं असतं तसं.

मनुबाई : मापलंय? यंत्रानं?

संयोगिता : यंत्रानं.

मनुबाई : दीड वर्स झालं. डोळं मिटलं की त्यो मला कुडकुडताना दिसतो. व्हट निळं पडल्यालं.

संयोगिता : कधी बोलली नाहीस.

मनुबाई : काय बोलायचं? ...ती कोरी जागा भरून टाक, बाई. तुजं काम कशाला आडवतीस त्येच्यासाटी?

संयोगिता : भरते. ऊठ आता, वारं सुटलंय. अंगावर काही घे.

मनुबाई : पेटीत खाली वाकळ हाय, ती काड. जया गेल्यापास्नं मी पांगरली न्हाई.