गंगेच्या पाण्यानं धुतलेलं रोप

— गंगेच्या पाण्यानं धुतलं म्हणून काय झालं? हात मागं घ्या, इहीणबाई. मागं घ्या म्हणते ना! माशांच्या टाकीत सोडायचं न्हाई ते. माणसानं तीर्थ म्हणून घ्यावं, पर माशाला काय करायचंय तीर्थ? तुम्ही गंगा म्हणताय त्या गोदावरीत म्हशी बसत्यात, धुणी धुत्यात, काठच्या चिखलात गोगलगायी पिकत्यात — आन् त्याच पाण्यात रोप बुचकळून, नांदेडहून लातूरला बसनं आणून तुम्ही म्हणताय, शुद्ध हाय. आन् हे लाल काय हाय पानाला? ... कुंकू? रोपाला हळद-कुंकू लावलं तुम्ही? अगं बाई बाई! तुळस हाय का ती? दारात लावायचंय का? अहो, पाण्यात जायचंय ते! कुंकवात रंग असतोय, चुना असतोय, आणखी काय काय असतंय — सगळे मासे पोट वर करून तरंगले असते, आन् मग पाहुण्यांत सांगितलं असतंत, साखराबाईला मासे सांभाळता येत न्हाईत. हाव, सांगितलंच असतंत! माझ्या भागवतच्या लग्नापासून ओळखते मी तुम्हाला. तनुजा तुमची लेक, पर सून माझी. अक्षरा दोघींची नात, मान्य. टाकी मात्र माझी हाय.

बसा तिथं खाटेवर. बघा कसं करतेत. पहिलं हे बुडाचं दुकानचं जाळीचं कुंडं काढायचं — मुळाभोवतीच्या ह्या काळ्या कापसात सगळी घाण दडती. मग सडकी पानं खुडायची. मग एकेक पान उलटं करून उजेडाला धरायचं... हे बघा! दिसलं? जेलीचा थेंब! गोगलगाईची अंडी हायेत ती. गंगा माईनं धुतली न्हाईत व्हय? आता बकिटात तुरटी विरघळवायची आन् रोप बुडवून ठेवायचं, दुपार कलेपर्यंत. ब्लीचिंग पावडर? चालती, जाड पानाला चालती, ती बी पातळ करून, बुचकळून लगेच काढायचं. ह्या लांब नाजूक पानाचा लगदा होतोय तिच्यात. मी केलाय ना लगदा, म्हणून तर कळतंय. मला कोणी शिकवलं न्हाई, बाई. शाळा बघितली न्हाई, दवाईच्या पाकिटावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले. चार रोपं मारली तवा पाचवं जगवलं. तुरटीतून काढलं की चांगल्या पाण्यानं खळखळून धुवायचं, आन् तरीबी टाकीत न्हाई — ह्या बरणीत एकटं ठेवायचं, काही निघतंय का बघत. खळखळून धुवायचं म्हणते, पर पाणी कुठलं आणू? तुमच्या दारात नदी. आमच्या गावाला पाणी रेल्वेनं आलं होतं, इसरलात का? नळ कधी येईल त्याचा नेम न्हाई, म्हणून ड्रम भरून ठेवते. सून म्हणती, आत्या, माणसाला पुरंना आन् तुमचे मासे! तुम्हाला काय त्याचं. तुम्हाला सगळं वाहतं मिळालं.

हसू नका. ती केशरी मासोळी दिसून राहिली का, लांब शेपटीची? तिचं नाव ठाऊक हाय? सत्यशीला! तुमच्या नातीनं ठेवलंय. माझ्या टाकीत, माझ्या हातचं खाऊन फिरती, आन् नाव तुमचं! मी बी विचारलं — येड्यावाणी विचारलं — अक्षरे, ह्यातली मी कोणची? तर लेकरानं बोट केलं काचंकडं. गोगलगाय! म्हणली, आज्जी, ही तू, ही दिसभर काच साफ करती. आन् ती गोगलगाय कुठून आली सांगू? तुमच्याच मागच्या रोपाबरोबर. मी काढाया गेले तर एवढी मोठी पोरगी रडली, मग तशीच ठेवली, आता शंभर झाल्यात. असू द्या. पाणी बदलायला बसती ना अक्षरा माझ्याजवळ, नळी धरती, कॉलेजच्या, मैत्रिणींच्या गोष्टी सांगती — हातात मोबाइल नसतो तिच्या, तेवढाच येळ. बाकी सारा दिवस ‘नांदेडची आज्जी हे म्हणली, नांदेडची आज्जी ते म्हणली’. मला काय वाटायचंय? मला काही वाटत न्हाई.

आन् कामून न्यायचं हो तिला नांदेडला? सगळा मुलूख पोरं घेऊन शिकायला लातूरला येतोय, खोल्या मिळंनात, आन् आमची पोरगी लातूर सोडून नांदेडला शिकणार! मला कोणी सांगितलं न्हाई असं समजू नका. तनुजाच्या मोबाइलवर बघितला मी फोटो — तुमच्या पुढच्या खोलीत टाकी आणून ठेवलीय, माझ्या दुप्पट, दिवे लावलेली, अजून पाणीसुद्धा न्हाई तिच्यात. कुणासाठी हाय ती? तुम्हाला माशाचा वास सहन व्हत न्हाई, लग्नात आमच्या चुलीवर मासळी शिजली तर नाकाला पदर लावून बसला होतात. मग कुणासाठी? माझ्याकडं नदी न्हाई, अंगण न्हाई, एसीची खोली न्हाई. एवढी एक काचंची पेटी होती तिला बसवून ठेवायला, आन् तुम्ही तीबी इकत आणली. ... काय? हळू कामून बोलताय? ... ती आपणच म्हणली, नांदेडला येते? टाकी तिनंच मागितली? ... कवा? ... दिवाळीत. म्हणजे मी तिला तुरटीचं शिकवत होते, वरचेवर विचारून घेत होती माझ्याकडून, तवाच...

ते रोप बुडवा बकिटात आन् खरं-खोटं करायला आता तिला हाक मारू नका, इहीणबाई — ती तुमच्याकडं येते म्हणली हे मला तुमच्या तोंडून चालंल, तिच्या तोंडून न्हाई.