फेसाचा कोबा

— व्हय, मीच म्हणाले 'थांबा'! माहीत आहे मला, कडुबा मामा. छतावर थापी चालू झाली की घरातल्या बाईमाणसानं थांब म्हणायचं नाही — म्हटलं की छत रुसतं, घराला तडा जातो. लहानपणापासून ऐकतेय. का, असं विचारलं की आई माझ्याच तोंडावर हात ठेवायची. पण आज म्हणाले, आणि चांगलं मोठ्यानं म्हणाले, अख्ख्या पडेगावला ऐकू गेलं असेल. तुमच्या माणसांना त्या थाप्या खाली ठेवायला सांगा. आधी ठेवा, मग काय रागवायचं ते रागवा. छत रुसलं तर रुसू द्या, मी काढीन त्याची समजूत.

इकडं या. हा कोपरा बघा. मघाशी पाईपातून माल पडला तेव्हा इथं चार बोटं भरला होता का नव्हता? आता लावा बोटं. दोनच. बाकीचा कुठं गेला? — पाणी नाही आटलं, मामा, हवा गेली! तुम्ही बडवून बडवून बाहेर काढली. काल सांगितलं होतं ना — हा विटांच्या तुकड्यांचा कोबा नाही, हे फेसाचं काँक्रीट आहे, सिमेंटच्या पातळ गाऱ्यात फेस कालवलेला. ओतायचं, पट्टीनं हलकं सारखं करायचं आणि हात काढून घ्यायचा. तुम्ही मान डोलावलीत. 'बरं पोरी' म्हणालात. मी चहा आणायला खाली उतरले, तेवढ्यात थाप्या बाहेर! का? — काय म्हणालात? हात राहवेना? वा! कोबा ठोकल्याशिवाय बसत नाही, लई वर्षांचा हात आहे, मान्य. तुमचा कोबा ठोकल्याशिवाय बसत नाही. हा बसला की मेला. तो एकेक बुडबुडा म्हणजे दार बंद केलेली खोली आहे, ऊन त्यातून पलीकडं जाता जाता थकतं — आणि तुम्ही सगळी दारं फोडलीत.

हसा, हसा. कॉलेजातून मी याचा ठोकळा आणला, बादलीत टाकला, तो तरंगला, तेव्हाही असंच हसलात. साहेबराव काका तर म्हणाले, 'पोरगी इंजिनेर झाली अन् भोपळा घेऊन आली.' तरंगतंय म्हणजे कच्चं, असंच ना? जड ते खरं, हलकं ते खोटं! अहो, यावर कोण घर उभं करतंय? घर पेलायला खालचा स्लॅब आहे, तुम्हीच टाकलेला, त्याला मी कधी नावं ठेवली? हे त्याच्यावरचं पांघरूण आहे. आणि पांघरूण तुम्हाला मी काय सांगू — माझ्या बापाला, आबांना विचारा. भर उन्हात मेंढरामागं जाताना डोक्यावर घोंगडीची खोळ घेतात का नाही? लोकरीत हवा कोंडलेली असते म्हणून ऊन डोक्याला भिडत नाही. हे आबांना ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, पण तीच गोष्ट पोरीनं सिमेंटात सांगितली की ती पुस्तकी झाली!

नाही, चहा नको मला. बसायलाही नको. धम्मपालदादा खाली मशीनपाशी खोळंबलेत, फार वेळ गेला तर आतला फेस आपणच बसेल, मग ठोकायचीही गरज नाही. — घाई? मला घाई नसेल तर कुणाला असेल? उन्हाळा तोंडावर आलाय. मागच्या वैशाखात तुम्ही वरच्या खोलीत पाऊल तरी टाकलं होतंत? दिवे लागले तरी छत शेकत असायचं, तव्याखाली बसल्यासारखं. त्या खोलीत दीपमाला वहिनी, आणि पाळण्यात तिचा सार्थक. आधी घामोळ्या आल्या, मग ताप, मग लेकरू दूधच घेईना. आईनं मीठ-मिरच्या ओवाळल्या. काका म्हणाले दृष्ट लागली. आबा म्हणाले, आम्ही असंच वाढलो. — नाही वाढलात, आबा! तुम्ही लिंबाच्या झाडाखाली वाढलात, स्लॅबखाली नाही. डॉक्टरांनी हातात सलाईन लावलं तेव्हा सार्थकची शीर सापडत नव्हती, मी धरला होता त्याचा हात, तुमच्यापैकी कुणी आत थांबलं नव्हतं.

आणि वहिनी काय पाचोडला माहेरी तिच्या आईच्या गुडघ्यासाठी बसलीय असं वाटतं तुम्हाला? ती म्हातारी बाजारातून कोथिंबिरीच्या जुड्या डोक्यावर घेऊन येते, तिच्या गुडघ्याला काय धाड भरली? वहिनी येणारच—

काही नाही.

काही नाही म्हणाले ना. — बरं, ऐकायचंच आहे? मग ऐका. मी सांगणार नव्हते, शपथ घातली होती तिनं. आदिनाथदादालाही तिनं धड सांगितलेलं नाही, तो आपला दर सुट्टीला खाऊ घेऊन जातो आणि हात हलवत परत येतो. ती मला म्हणाली, 'ताई, त्या छताखाली माझं लेकरू मी परत निजवणार नाही. छत गार झालं की कळवा, मी एकटी एसटीनं येईन. नाही झालं, तर माझी वाट बघू नका.' ओरडली नाही, रडली नाही. भाकरी थापत होती, थापत थापत बोलली.

म्हणून म्हणाले 'थांबा'. आता पुढंही सांगते — थापी चालणार नाही. उरलेल्या छतावर एकसुद्धा नाही. तो मेलेला कोपरा मी स्वतः खरवडून काढीन. — आबा, 'खाली ये' म्हणू नका. नाही येणार. तुम्ही म्हणालात म्हणून नाही, काका म्हणाले म्हणून नाही, मामांचा मान राहावा म्हणूनही नाही. लेकरापेक्षा मान मोठा असेल तर पाचोडला जा, वहिनीच्या समोर बसा आणि तिच्या तोंडावर तसं सांगा. कोण जातंय? — काका? — आबा, तुम्ही? — मामा, वर बघा ना.

द्या ती थापी इकडं.

धम्मपालदादा, माल सोडा.