चावीला लावलेलं काजळ

माझं माहेर राजापुराकडचं, कातळावरची वाडी, तिथं पानी लांब नि मानसं थोडी, आनी बाप्ये तर त्याहून थोडे, कारन सगळे मुंबयला. माझा बापूस पन तिकडंच, कापडाच्या गिरनीत, शिमग्याला यायचा. मी लहान असताना एकदा आला तशी मी आवशीच्या लुगड्यामागं लपले नि इचारलं, आये, हा बाप्या कोन गो? सगळे हसले, बापूसही हसला, आवस तेवढी हसली न्हाय, ती चुलीकडं गेली. ते माझ्या काळजात बसलं ते बसलंच. म्हनून मास्तरीनबाय, तुमी लिवून घेताय तर सांगते, लग्नाचं बोलनं निघालं तेव्हा मी लाज सोडून आवशीला सांगितलं, काळा असूदे, लंगडा असूदे, पन मुंबयवाला नको.

तर हे मिळाले. काळे हायत, लंगडे न्हायत. नाव इचारू नका, घेनार न्हाय, आमचे हे असंच लिवा. रत्नागिरीला खाडीच्या अंगाला शेटची भाताची गिरन, तिथं हे इंजनवाले. सासरे लोहार व्हते, म्हनून हाताला लोखंड ठावं. गिरनीच्या मागं आमची खोली, सकाळी इंजन सुरू झालं की फळीवरची भांडी नाचायची. पहिल्या दिवशी मी भ्याले, मग अशी सवय झाली की इंजन गप झालं की जीव घाबरायचा.

आनी एका पावसाळ्यात ते इंजन ठोके द्यायला लागलं. आता तुम्हाला कसं सांगू, इंजनात एक जाड वाकडा दांडा असतो, तेला हे क्रँक म्हनतात, तेच्या टोकाला मोठं चाक. दोघं एकमेकाला धरून र्‍हावेत म्हनून दोघांत मिळून एक खाच नि खाचेत लोखंडाची चावी ठोकलेली, कुलपाची न्हाय हो, पाचरीसारखी. ती खाच दांड्याच्या अंगाला झिजून रुंद झाली, चावी हलायला लागली, नि चाक फिरताना ठक, ठक, ठक. हेंनी काय करावं, घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून चावीच्या बाजूला कोंबला. ठोका गेला. शेटनं नारळ फोडला, हे मिशीतल्या मिशीत हसत फिरले, मी पन गूळखोबरं वाटलं. आठवडा न्हाय झाला तर पत्र्याचा भुगा नि खाच आधीपेक्षा मोठी. मी म्हटलं, शाबास, दात दुखतो म्हनून दातात खडा घातलात. तर कधी न्हाय ते हे माझ्यावर ओरडले.

दांडा मुंबयला धाडायचा तर पावसात आगबोट बंद, आनी दांडा काढायचा म्हनजे सगळं इंजन उकलायचं, ते परत बसवनारा इथं कोनी न्हाय. शेट वाईट न्हवता हो, पन तोही कंटाळला. म्हनाला, नारळी पुनव झाली, बोटी सुरू झाल्या की मी हे इंजन मोडीत काढून पहिल्या बोटीनं धाडतो. माझे दीर मुंबयला, तेंनी आधीच सांगून ठेवलेलं, कधी पन ये, जागा हाय. म्हनजे इंजन नि माझा घोव एकाच बोटीत. मी भाताचं पानी काढत व्हते, हात भाजला तरी समजलं न्हाय.

रात्री हे जेवले न्हायत, पन सकाळी उठून म्हनाले, दांडा जाग्यावरच ठेवून करतो. हमालांना बोलावून चाक तेवढं ओढून बाजूला काढलं, दांडा व्हता तिथंच. लोखंडाचा कीस आत जायला नको म्हनून कायतरी दे म्हनाले, मी जुनं लुगडं फाडलं, तेलात भिजवून दिलं, ते हेंनी फटीफटीत भरलं. मग उताने पडून छिन्नी नि कानस, ती झिजलेली खाच रुंद झाली तर झाली, पन सरळ केली. चाकाची खाच व्हती तशीच अरुंद. म्हनून बैलगाडीच्या जुन्या आसाची नवी चावी घडवली, खाली रुंद नि वर अरुंद, पायरीसारखी. तिला घासताना कळायचं कसं कुठं अडते? तर हे कंदिलाच्या काचेची काजळी लावून बघत, ती जाड, खरखरीत, सगळीकडं पुसायची. मी बघत व्हते. म्हटलं थांबा. माझी काजळाची डबी आनली, आवशीनं लग्नात दिलेली, घरी धरलेलं काजळ, लोन्यासारखं मऊ. हे म्हनाले, अगो, ते डोळ्याचं. मी म्हटलं, तुमी गेल्यावर मी डोळे कुनासाठी भरू? बोलून गेले नि लाजले. हेंनी बोटानं पातळ काजळ चावीला लावलं, घातली, काढली, जिथं पुसलं तिथं घासलं, परत लावलं. किती वेळा, मोजलं कोनी. डबी रिकामी झाली तेव्हा चावी अशी बसली की हातोडीनंच आत गेली.

चाक परत चढवून इंजन सुरू केलं तेव्हा मी मुद्दाम गेले न्हाय, खोलीत फळीपुढं उभी र्‍हायले. भांडी नाचली. कान लावला. ठक न्हाय. मी तिथंच खाली बसून रडले, आनी हे दारात आले ते नाकाला, कपाळाला सगळं काजळ. मी म्हटलं, अगो बाय, ह्या बाप्याला कोनी ओळखनार न्हाय.

पुनव झाली, पहिली बोट आली नि गेली. इंजन अजून चालतं, तीच चावी. पोरांना बापूस रोज दिसतो, रोज ओरडतो, पोरं वैतागतात, मी म्हनते वैतागा, वैतागायला तरी हाय. इंजनापायी हेंना आता ऐकू कमी येतं, सकाळी मलाच हातानं इचारतात, ठोका हाय काय, मी मान हलवते, न्हाय. दसर्‍याला हे इंजनाला हळदकुंकू वाहतात नि मला हाक मारतात, ये गो, तुझी तीट लाव. मी बोटभर काजळ चाकाला लावते, नि उरलेलं हेंच्या गालाला.