प्रथमोपचाराची वही

कामगार सुरक्षा कार्यालयात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर एका रंगाच्या कारखान्यातली नर्स आणि तिथला अहवाल तयार करणारा अधिकारी बसले होते. आत त्यांच्याच कारखान्याची चौकशी चालू होती.

“सिस्टर, वायू मोजणाऱ्या सेन्सरचे वर्षभराचे आकडे मी दिलेत. सगळे मर्यादेत आहेत. तुम्ही ती वही काढू नका.”

“सेन्सर छताला लावलाय, साहेब. वायू जड आहे, तो खाली साचतो. माणसं टाकीत वाकून काम करतात.”

“वहीत आहे काय? डोकं दुखलं, चक्कर आली. हा काय डेटा झाला?”

“एका महिन्यात अकरा जण, सगळे त्याच टाकीतून आलेले. बाराव्याला उचलून आणलं. त्यानं अजून डोळे उघडलेले नाहीत.”

“हळू बोला. अहो, माणूस काहीही सांगतो. मशीन खोटं बोलत नाही.”

“मशीनला छताजवळची हवा कळते. खालची कोण सांगणार?”

“अहवालावर सही माझी आहे, सिस्टर. नोकरी जाईल माझी.”

“वहीतही तुमचं नाव आहे.”

“माझं?”

“टाकी तपासून वर आलात आणि दारातच ओकलात. लिहू नका म्हणालात.”

“तरी लिहिलंत?”

“येईल त्याचं लिहिते मी.”

“अकरा जणांत मी कितवा?”

“सातवे.”

दार उघडलं. आतल्या शिपायानं विचारलं,

“कारखान्यातर्फे कोण बोलणार?”

“आधी सिस्टर बोलतील,” अधिकारी उठत म्हणाला. “सातव्या नोंदीचं मी सांगतो.”