कपाटभर मेमेंटो

...नाही, पण मी म्हणते, माणसाने प्रमुख पाहुणा व्हावं तरी किती? तुम्हाला सांगते, आमचे हे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून जे पाहुणे झाले ते झालेच, आज व्याख्यान, उद्या बक्षीस समारंभ, परवा कुणाच्या तरी नव्या जिन्याचं उद्घाटन, आणि घरी येताना दर वेळी हातात एक मेमेंटो. काचेचा, लाकडाचा, बंद घड्याळाचा, पंख मोडलेल्या पक्ष्याचा... आणि ते पुसणार कोण? मी.

बरं, ठेवलेत कुठे? खिडकीला पाठ लावून भलंमोठं कपाट! घरात उजेडाची खिडकी ती एकच, आणि माझं शिलाई मशीन पडलंय आतल्या बोळात. मला शिवणाचा क्लास काढायचाय हो, मुली यायला तयार आहेत, पण त्या अंधारात सुईत दोरा जाईल तर शपथ. म्हटलं, "कपाट हलवू या." तर हे, शाळा भरताना मुलांपुढे बोलायचे ना, अगदी त्या आवाजात, "अगं, या नुसत्या वस्तू नाहीत. या आठवणी आहेत." असतील. पण पुसणार कोण?

आमची सून कॉलेजात इंग्रजी शिकवते. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "आई, मेमेंटो हे मुळात वस्तूचं नावच नाही. लॅटिनमधला हुकूम आहे तो, 'लक्षात ठेव' असा. इंग्रजीत आल्यावर त्याची वस्तू झाली." मी फडकं हातात धरून उभीच राहिले. म्हणजे इतकी वर्षं मी कपाटभर हुकूम पुसत होते?

मग सोडते की काय! एक मेमेंटो काढला, नावाच्या पट्टीवर फडकं धरलं आणि ह्यांच्यापुढे जाऊन उभी. "हा कुणी दिला?" चष्मा वर, चष्मा खाली... "वाचनालय असावं." म्हटलं, "बँक. भाषणात अध्यक्षांचं नाव चुकवलंत आणि घरी येऊन जेवला नाहीत." दुसरा? "हा... बहुतेक..." म्हटलं, "नाटक मंडळ. परत येताना भिजलात, आठवडाभर खोकत होतात, औषध मी देत होते." तिसरा, चौथा, कपाट संपत आलं हो, ह्यांना एक आठवेना आणि मला एक विसरता येईना. एकाही समारंभाला नेलं नव्हतं मला, बरं का. रागाने डोळ्यांत पाणीच आलं. हुकूम ह्यांना, आणि पाळला कोणी? मी.

हे उठले, कपाटाचं एक टोक धरलं, दुसरं मी. खिडकी मोकळी झाली, मशीन उजेडात आलं, मेमेंटो खोक्यांत भरून माळ्यावर गेले. जिंकले म्हणून ऐटीत शिडीवरून उतरतेय, तर खालून हे, अगदी मायेने...

"कुठल्या खोक्यात कुठला ठेवलास, तेवढं लक्षात ठेव हं."